‘बॉर्डरवर आहे’ म्हणजे नेमकं कुठे?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मध्येमध्ये अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.

मधुमेहावर एक भाग करा, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. करते. पण मधुमेह म्हणजे काय, स्वादुपिंड कुठे असतं, इन्सुलिन काय करतं, हे तुम्ही शंभर ठिकाणी वाचलेलं असणार. आज मला बोलायचंय ते ‘सांगण्या’बद्दल. हा आजार होऊ नये म्हणून काय करायचं, हे ज्यांना सांगणं सगळ्यात गरजेचं आहे त्यांच्यापर्यंत ते कसं पोचतं, आणि बहुतेक वेळा का पोचत नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. दवाखान्यातलं काम सांभाळून कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात वस्त्यांमध्ये, बचत गटांत, रिक्षा स्टँडवर बोलायला जाते. पाथर्लीलगतची त्रिमूर्तीनगरसारखी वस्ती असो, कल्याणची वालधुनी असो, नाहीतर ठाण्यातलं किसननगर, लोकमान्यनगर असो, सगळीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. “ताई, मला शुगर नाही. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरवर आहे.”

हे वाक्य नीट ऐका. डॉक्टरांनी ते धोक्याची सूचना म्हणून दिलेलं असतं. ऐकणाऱ्याने ते सुटका म्हणून घेतलेलं असतं. बॉर्डरवर आहे, म्हणजे अजून अलीकडे आहे, म्हणजे नाही. रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटावर, विषय संपला. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या मध्ये आली की साधारणपणे आपण या पट्ट्यात असतो, आणि १२६ किंवा वर दोनदा आली की मधुमेह. पण ‘पूर्वमधुमेह’ हा शब्द मी वस्तीत एकदाही कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शब्द ‘बॉर्डर’च आहे, तर तोच घेऊन पुढे जावं लागतं.

मी आपल्या लोकलवर येते. कल्याणला फाटा फुटतो, एक रूळ कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे, हे इथल्या पोरालासुद्धा माहीत आहे. समजा तुम्ही मुंबईहून चुकीच्या गाडीत बसलात. कल्याणच्या आधी कळलं तर काही बिघडलेलं नाही, उतरा, दुसरी पकडा. कल्याण गेलं की मग ती गाडी तुम्हाला तिच्या वाटेने नेणार. बॉर्डरवर असणं म्हणजे चुकीच्या गाडीत असणं, कल्याणच्या आधी. सुटका नव्हे, पण उतरायची संधी आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी आवर्जून सांगते: ही गाडी फास्ट आहे. ठाणं सोडलं की दिव्याला थांबली तर थांबली, नाहीतर थेट डोंबिवली. हे मी घाबरवायला म्हणत नाही. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात बॉर्डरवरच्या ज्या लोकांवर विशेष काही केलं गेलं नव्हतं, त्यांच्यातल्या १०० पैकी साधारण २९ जणांना ३ वर्षांत मधुमेह झाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने आपल्याकडच्या ५३१ लोकांवर तसाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे हाच आकडा १०० पैकी ५५. दोन्हीकडचे लोक अगदी सारखे नव्हते, मान्य. तरी २९ आणि ५५ मधलं अंतर नुसतं त्यामुळे आलेलं नाही.

पण त्याच चेन्नईच्या अभ्यासात, ज्यांना खाण्याचा आणि चालण्याचा सल्ला देऊन तो वारंवार आठवण करून दिला गेला, त्यांच्यात तो आकडा ५५ वरून ३९ वर आला. औषधाशिवाय. आणि गंमत म्हणजे त्यांच्या वजनात फारसा फरक पडला नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वजन उतरत नाही म्हणून दीड महिन्यात सगळं सोडून देणारे लोक मी रोज बघते. काटा हलला नाही तरी आत काहीतरी हलत असतं.

आता पत्रकांबद्दल. मधुमेहाचं कुठलंही पत्रक उचला, वर लक्षणं लिहिलेली असतात: वारंवार तहान, वारंवार लघवी, थकवा. मे महिन्यात कल्याणच्या नाक्यावर सिमेंटच्या गोण्या उतरवणाऱ्या माणसाला विचारा, तहान लागते का, थकवा येतो का. तो तुमच्याकडे बघून हसेल. रिक्षावाल्याला विचारा, वारंवार लघवीला जावं लागतं का. तो म्हणेल, जायला जागा कुठे आहे? भाजी विकायला बसणाऱ्या बाया तर दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, नेमक्या त्याच कारणासाठी. म्हणजे लक्षणांची यादी कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्याशीच जुळते, आणि म्हणून त्यांच्या काही उपयोगाची राहत नाही. शिवाय बॉर्डरवर असताना, आणि मधुमेहाच्या पहिल्या काही वर्षांतही, कित्येकांना काहीच जाणवत नाही. “काही त्रास झाला तर तपासा” हा सल्ला इथे कुचकामी आहे. सांगायचं ते एवढंच: तिशी ओलांडली, तपासा. त्रास असो नसो.

“पण मी तर बारीक आहे!” हा पुढचा अडसर. शुगर म्हणजे सुखवस्तू, ढेरपोट्या माणसाचा आजार, हे डोक्यात इतकं घट्ट आहे की काटक्या बांध्याचा माणूस पत्रक परत करतो. इथे मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची मदत होते. केईएम रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर या एकाच कोड्याचा पाठपुरावा केलाय. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा जो अभ्यास चालवला, त्यात दिसलं की आपली बाळंही अशीच जन्मतात: वजनाला कमी, हातापायांनी किडकिडीत, पण चरबीचा वाटा त्या मानाने जपलेला. आईच्या पोटात उपासमार झालेलं मूल पुढे शहरात येऊन वडापाव खायला लागतं, तेव्हा काय होतं ते आपण बघतोच आहोत.

हे सगळं वस्तीत सांगायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर मी पिशवीतून शिंप्याची इंचपट्टी काढते. भाषणापेक्षा तिचा उपयोग जास्त. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच; बायकांची ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. त्याच्या वर गेलात की तपासणी टाळायची नाही. कुठे मोजायचं? शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुष हमखास म्हणतात, “ताई, मोजायचं काय, माझी पँट ३२ नंबरची.” अहो, पँट पोटाच्या खाली बांधता ना! पोट तर वर मोकळं आहे. मग मोजतात आणि ३७ निघते. हशा होतो, आणि त्या हशात बाकीचे चारजण आपापली मोजायला पुढे येतात. भीती घालून एवढं काम कधीच होत नाही.

भीतीचंच सांगते. कापलेल्या बोटांचे, काळ्या पडलेल्या पावलांचे फोटो असलेली पोस्टरं तुम्ही बघितली असतील. माझा त्यांना विरोध आहे. रोजंदारीवरच्या माणसाला पाय जाणं म्हणजे काय ते समजावून द्यावं लागत नाही. त्याच्या वस्तीत कोणाचा तरी अंगठा गेलेला असतो, त्यापाठोपाठ काम गेलेलं असतं, आणि त्यापाठोपाठ मुलीची शाळा. ते त्याने पाहिलेलं असतं. म्हणूनच तो तपासत नाही. “तपासलं की काहीतरी निघतंच,” हे त्याचं उत्तर असतं, आणि ते अडाणीपणाचं नाही. निघालं तर औषधाला महिन्याला किती, सुट्ट्या किती, हा हिशेब त्याने मनात आधीच केलेला असतो. त्याला सांगायचं ते हे, की बॉर्डरवर निघालं तर औषध लागेलच असं नाही. लवकर निघालं तर स्वस्तात निघतं. हे ऐकून माणसं पुढे सरकतात.

आता खाणं. “गोड बंद करा.” मराठीतला मधुमेहाबद्दलचा हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा सल्ला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ घालणारा. कारण ‘गोड’ म्हणजे आपल्या डोक्यात श्रीखंड, जिलेबी, पेढा. गरीब घरात ते वर्षातून किती वेळा येतं? दिवाळी, एखादं लग्न. त्यामुळे माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, मी गोड खातच नाही. चहा हे ‘गोड’ नाहीच, चहा म्हणजे चहा.

एका रिक्षा स्टँडवर आम्ही चहाचा हिशेब मांडला होता. दिवसाला आठ कटिंग हा तिथला मध्यम आकडा. दहा-बारावाले पण होते. कटिंगमध्ये दीड चमचा साखर धरा. आठ कटिंगचे बारा चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे ‘मी गोड खात नाही’ म्हणणारा माणूस त्याच्या दुप्पट साखर पितोय. आता त्याला “बिनसाखरेचा प्या” म्हणावं, तर टपरीवर चहा साखर घालूनच उकळत असतो, तिथे वेगळा मिळत नाही. आणि चहा तो नुसता तलफ म्हणून पीत नाही. भूक मारायला पितो, पुढचं भाडं मिळेपर्यंत स्टँडवर उभं राहायचं निमित्त म्हणून पितो, मित्राने पाजला म्हणून पितो. त्याच्या हातात काय आहे? संख्या. आठाचे पाच. दोघांत एक कटिंग. आणि भुकेसाठी चहा-बिस्किटाऐवजी फुटाणे. स्टँडवरच्या एका काकांनी तिथल्या तिथे ठरवलं, की दुपारचा चहा सोडून फुटाण्यांची पुडी घ्यायची आणि ती सगळ्यांत फिरवायची. ही युक्ती त्यांची, माझी नव्हे. तेव्हापासून मी ती दुसऱ्या स्टँडवर सांगते, “तिकडच्या लोकांनी असं केलं” म्हणून. माझ्या सल्ल्यापेक्षा ते लवकर पटतं.

“रोज अर्धा तास चाला” याचंही तसंच. चार मजले चढून सहा घरची भांडी घासणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे तिचा अपमान आहे. आणि शास्त्रही तसं म्हणत नाही. चेन्नईच्या त्या अभ्यासातसुद्धा जे लोक अंगमेहनतीचं काम करत होते किंवा रोज अर्ध्या तासाहून जास्त चालत वा सायकल चालवत होते, त्यांना वेगळा व्यायाम सांगितला नव्हता. आहे ते चालू ठेवा, इतकंच. चालण्याचा सल्ला रिक्षावाल्याला द्या, टपरीवर दिवसभर बसणाऱ्याला द्या, वॉचमनला द्या, लोकलने दोन तास उभा राहून जाणाऱ्या आणि तेवढ्यालाच व्यायाम समजणाऱ्या डोंबिवलीकराला द्या.

बोलता बोलता डोंबिवलीकर आलाच आहे, तर दीक्षित डाएटबद्दल बोलते, नाहीतर तुम्ही मला सोडणार नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी जी मोहीम चालवली ती तुम्हाला माहीत आहेच: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटं चालायचं. मग ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं दर दोन तासांनी, आणि घराघरांत दोन पक्ष पडले. फडके रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत यावरून झालेली भांडणं मी स्वतः ऐकली आहेत. कोण बरोबर, यात आज पडत नाही. ज्यांना आधीच मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते, एवढं मात्र ठासून सांगते.

मला त्या मोहिमेत रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. संदेश म्हणून ती फार हुशार आहे. दोन आकडे, पैसे शून्य, विकत घ्यायचं काही नाही, आणि निरोप मराठीतून मराठीत. आरोग्याचा कुठलाही सरकारी संदेश महाराष्ट्रात इतक्या लोकांच्या तोंडी बसलेला मला तरी आठवत नाही. पण तो कोणाच्या तोंडी बसला? ज्याच्या जेवणाच्या वेळा त्याच्या स्वतःच्या हातात आहेत त्याच्या.

त्याच डोंबिवलीकराच्या घरी कामाला येणारी मावशी बघा. साडेसहाला घर सोडते, पोटात चहा आणि टोस्ट किंवा खारी. पहिल्या घरी चहा. दुसऱ्या घरी कालची पोळी नाहीतर उरलेला शिरा. तिसऱ्या घरी पुन्हा चहा. चौथ्या घरी काल मुलाच्या वाढदिवसाचा केक उरलाय, “घेऊन जा मावशी, पोरांना.” अडीचला घरी येऊन भात आणि पातळ वरण. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः तांदूळ आणि गहू, मग ताटात तेच वाढलं जाणार. आता तिला “दोनदाच जेवा” सांगू की “थोडं थोडं खा” सांगू? ती काय आणि कधी खाते हे अर्धं रेशन दुकान ठरवतं आणि अर्धं तुम्ही ठरवता.

हो, तुम्ही. हा पॉडकास्ट ती ऐकत नाही, तुम्ही ऐकता. तर हे तुमच्यासाठी. पाहुण्यांना आपण विचारतो, साखर किती? तिला विचारतो का? चहा टाकताना तिच्या कपात अर्धा चमचा कमी पडू शकतो, फक्त एकदा तिला विचारून. उरलेल्या शिऱ्याच्या जोडीला, किंवा त्याच्याऐवजी, एक उकडलेलं अंडं, वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे देता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळ. उपाशीपोटी रक्त द्यायचं तर सकाळी द्यावं लागतं, आणि तिची सकाळ तुमच्या सिंकपाशी जाते. तिने रक्त द्यायला जायचं म्हणजे चार घरी खाडा, चार घरची बोलणी, कुठे कुठे पगार कापला जाणार. वर्षातून एक सकाळ भरपगारी द्या, आणि शेजारच्या तीन घरांशी बोलून तीच सकाळ ठरवा. सोसायटीच्या ग्रुपवर यापेक्षा निरर्थक कितीतरी गोष्टी ठरतात.

एक नाजूक गोष्टही सांगून टाकते. बऱ्याच बायका आपल्याला शुगर निघाली हे कामाच्या घरी लपवतात. “ही आता आजारी पडणार, दुसरी बघा,” असं होईल या भीतीने. मग गोळी वेळेवर खात नाहीत, कारण पर्समधून पाकीट काढताना कोणी बघितलं तर! एका घरात बाईंनी विचारलं होतं म्हणे, “भांड्यांना काही लागत नाही ना?” नाही लागत. हा संसर्गाचा आजार नाही, हे डोंबिवलीतसुद्धा सांगावं लागतं.

ताटाबद्दल मी फार मोठी यादी कधी देत नाही. ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली हे शब्द वस्तीत उच्चारले की बाई मनातून उठून गेली असं समजा. भात बंद करा हेही मी सांगत नाही. इथल्या आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी आणि भात काढून घेतला तर जेवणच उरत नाही. पण त्यांच्याकडे मासळी आहे, सुका जवळा आहे, बोंबील आहे. मग ताटाचा क्रम आणि माप बदलायचं: आधी कालवण-मासळी आणि भाजी, मग भाकरी, दोनाची एक, भात शेवटी आणि मुठीएवढा. देशावरच्या घरांत ज्वारीची भाकरी अजून टिकून आहे, तिला ‘गावठी’ म्हणून सोडू नका, एवढंच. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांच्या घरात दोन. हा आकडा बायकांना लगेच कळतो, कारण पिशवी त्याच आणतात. आणि उपवास! गुरुवार, चतुर्थी, श्रावण. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय. उपवास सोडा असं मी चुकूनही म्हणत नाही, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. साबुदाणा अर्धा करा, ताक आणि शेंगदाणे वाढवा, राजगिरा घ्या, इतकं चालतं.

आता मला थोडा वेळ गरोदर बायकांबद्दल हवाय.

गरोदरपणात साखर वाढते आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची खाली येते. म्हणून सगळे निःश्वास टाकतात. पण २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यानुसार अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सातपटीहून जास्त असते. म्हणजे प्रतिबंध कोणापासून सुरू करावा असं विचाराल, तर हिच्यापासून. तरुण आहे, दवाखान्यात आलेली आहे, बाळासाठी काहीही करायला तयार आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनेप्रमाणे तपासणीही सोपी केलेली आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. उपाशी यायची गरज नाही! हे वाक्य मोठ्याने सांगायला हवं, कारण “रिकाम्या पोटी नव्हते म्हणून परत गेले, मग राहूनच गेलं” हे मी फार ऐकते.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं, आणि तिथे धागा तुटतो. का? कारण ती माहेरी गेलेली असते. कल्याणमधली बाई जळगावला, साताऱ्याला, रत्नागिरीला. तिथे तिची आई डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-गूळ घेऊन बसलेली. आणि का बसू नये? लेक बाळंत झालीय. तिच्या हातात आमचं पत्रक द्यायचं म्हणजे त्या आईला सांगायचं, की तुझं प्रेम चुकतंय. ते कोण ऐकून घेईल? म्हणून मी गरोदरपणातल्या शेवटच्या भेटीला आईला नाहीतर सासूला बरोबर बोलावते. लाडवाला नाही म्हणत नाही. लहान वळा, गूळ निम्मा, डिंक-खोबरं-मेथी तशीच, दिवसाला एक. मेथीचं नाव काढलं की आज्या खूश होतात, कारण ते त्यांचंच ज्ञान आहे.

आणि तपासणीसाठी एक खुंटी सापडली आहे. बाळाची दीड महिन्याची लस कोणी चुकवत नाही. कुठेही असोत, घेऊन जातात. तर सांगायचं एवढंच: बाळाला दीड महिन्याची लस, त्याच दिवशी आईची शुगर. सहा आठवडे, ग्लुकोज, आकडे, सगळं विसरलं तरी हे वाक्य विसरत नाही. तुमच्या घरात, शेजारात अशी कोणी असेल तर तिला आजच फोन करून सांगा.

मोबाइलचा प्रश्न नेहमी येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून होतं का? थोडं होतं, पण कसं पाठवता त्यावर आहे. रामचंद्रन यांच्याच गटाने ५३७ नोकरदार पुरुषांवर साध्या एसएमएसचा प्रयोग केला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेश मिळत होते त्यांच्यातल्या १८ टक्के लोकांना दोन वर्षांत मधुमेह झाला, मिळत नव्हते त्यांच्यात २७ टक्के. पण ते संदेश सरसकट नव्हते. माणूस बदलायच्या विचारात तरी आहे का, की सुरुवात केलीय, की करून सोडून दिलंय, हे बघून त्याप्रमाणे पाठवले होते. आपण काय करतो? कारल्याच्या रसाचा तोच फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर. आणि सगळे प्रयोग यशस्वी होतात असंही नाही. केरळात १००७ लोकांवर, वस्तीतल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी गट चालवले. २०१८ मध्ये निकाल आला: मधुमेहात ठामपणे म्हणता येईल इतकी घट झाली नाही. खाण्यापिण्याच्या, तंबाखू-दारूच्या सवयी थोड्या सुधारल्या. मला त्यातून नाउमेद व्हायला होत नाही, पण “जनजागृती केली की झालं” असं म्हणणाऱ्यांना मी हा निकाल दाखवते.

शेवटी तुमच्याकडून आलेले दोन प्रश्न.

पहिला: “एचबीए१सी केली तर उपाशी राहावं लागत नाही, मग कामवाल्या ताईंची तीच करून घेऊ का?” करा, सोयीची आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे तुमची ती बॉर्डर, साडेसहा किंवा वर म्हणजे मधुमेह. पण एक ध्यानात ठेवा, रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा थोडा फुगून येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांत अशक्तपणा किती आहे ते तुम्ही जाणता. तेव्हा त्याच सुईत हिमोग्लोबिनही करून घ्या आणि दोन्ही कागद डॉक्टरांना एकत्र दाखवा.

दुसरा: “घरात ग्लुकोमीटर आणून ठेवू का, सगळ्यांची शुगर बघता येईल.” ज्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय त्यांच्यासाठी जरूर. बाकीच्यांसाठी नको. पट्ट्या महाग पडतात, चार दिवस कौतुकाने बोटं टोचली जातात, जेवणानंतरचा एक आकडा बघून कोणी घाबरतं, कोणी निर्धास्त होतं. त्या पैशांत वर्षातून एकदा घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांची लॅबमध्ये तपासणी होते. आशा ताई घरी फॉर्म भरायला येतात ना, कंबर मोजतात, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का विचारतात? त्यांना दारातून परत पाठवू नका, “आमच्याकडे सगळे ठीक आहेत” म्हणून. बसवा, पाणी द्या, उत्तरं खरी द्या. तंबाखूचंसुद्धा.

पुढच्या भागात पायांच्या काळजीबद्दल बोलू, त्यात पावसाळ्यातल्या चपला आणि चिखल्या हाही विषय आहे. प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.